मेव्हण्याचा डेटाबेस आणि सासऱ्यांचा हंडा

माझ्या बायकोनं आणि मी शेवटचं एकत्र काम केलं ते म्हणजे पावटे सोलले, आणि ते करता करता तिनं मला चारचौघांत बावळट ठरवलं.

तसं विशेष काही नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ती दाणे टोपलीत आणि सालं सुपात टाकत होती. मी उलटं. समोरच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेली बाई गेटापाशी थांबून सहज म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे का हो?" झालं! सुमननं शेंगा खाली ठेवल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "होता की! त्यानंच तर मला माहेरी धाडली होती." आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं रामायण. ती बाई हसून हसून गेटाला लटकली.

त्याच आठवड्यात सुमन गेली.

आता ही गोष्ट सांगायचं माझ्यावर आलं. मध्ये तोंड घालणारं कोणी नाही, तेव्हा मला हवी तशी फिरवता आली असती. पण जरा थाप मारायला लागलो की स्वयंपाकघरातून "हं!" असं ऐकू आल्यासारखं वाटतं. म्हणून खरं तेच सांगतो.

आमची वाडी सोपाऱ्यात. केळी, पानवेली, थोडा भाजीपाला. शिक्षणाचं म्हणाल तर चौथीनंतर मी मास्तरांना सोडलं आणि मास्तरांनी नारळ फोडला. त्या काळी आमच्याकडे लग्नं अंगणात व्हायची आणि स्वयंपाकाची भांडी आळीतल्या घराघरांतून यायची. हंडे, टोप, पराती, कळश्या. पंगती उठल्या की अंगणात पितळेचा डोंगर! मग आळीतल्या बायका यायच्या आणि आपापली भांडी ओळखून न्यायच्या. ओळखून म्हणजे काय, ओरडून!

"ही माझी परात!"

"तुझी? तुझ्या परातीला काठ तरी होता का गं?"

"काठ तुझ्या सासूनं वाकवला!"

दिवेलागणीपर्यंत सगळ्यांचे घसे बसायचे, पण भांडं न् भांडं ज्याच्या त्याच्या घरी पोचायचं. आज्यापणज्यांपासूनची ही पद्धत. मला मात्र वाटायचं, काय हा गावंढळपणा! (गावंढळपणा कशाला म्हणायचं हे मला चांगलं कळत असे, कारण तो सगळा माझ्याकडेच होता.)

माझी धाकटी बहीण बेबी. तिच्या लग्नाला सुमनचा भाऊ वसंता मस्कतहून आला आणि येताना कॉम्प्युटर घेऊन आला. कॉम्प्युटर म्हणजे आताच्यासारखा नव्हे. वहीएवढा काळा ठोकळा, त्यावर रबराची बटणं. त्याची एक वायर आमच्या शटरवाल्या टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. टेपमध्ये कॅसेट घालायची, ती गाणं न म्हणता किंचाळायची, आणि बरंच किंचाळून झालं की टीव्हीवर इंग्रजी अक्षरं उमटायची. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा शेजारच्या पास्कूचा बैल दावं तोडून जांभळीच्या झाडापर्यंत गेला होता. पास्कू म्हणजे कुंपणापलीकडचा आमचा ख्रिस्ती दोस्त, बैलगाडीवाला.

"भावोजी, याला डेटाबेस म्हणतात," वसंता म्हणाला. "समजा, एक कपाट आहे. एका खणात भांडं, दुसऱ्या खणात नाव. सगळं भरलं की एक बटण दाबायचं. कोणाची कुठली भांडी, सगळं हा लावून देतो."

"आणि घासतो कोण?" सुमननं विचारलं.

"घासायचं आपणच, ताई."

"मग त्याचा काय उपयोग?"

हा प्रश्न मी तेव्हाच ऐकायला हवा होता.

लग्न झालं. नव्या घरी धीर द्यायला म्हणून सुमन बेबीची पाठराखीण होऊन केळव्याला निघाली. निघताना दारातून बजावलं, "भांड्यांना हात लावू नका. मी आल्यावर बायकांना बोलावीन."

"नाही लावत."

"वसंता, तू पण!"

"नाही गं ताई, वेडी आहेस का!"

वऱ्हाडाची गाडी कोपऱ्यावर वळली नसेल, तोच आम्ही हात लावला.

माझा हेतू चांगला होता, हे लिहून ठेवतो. दर लग्नानंतर त्या बायकांच्या कलकलाटानं सुमनचं डोकं उठायचं. ती परत येईल तेव्हा अंगण लख्ख, भांडी घरोघर पोचती, आणि मी पानाला चुना लावत बसलेला. काय म्हणेल! (काय म्हणाली ते पुढे येईलच.)

टीव्ही पडवीत आणला. भांडी वाचणारा मी, बटणं दाबणारा वसंता. आता तुम्ही म्हणाल, भांडं काय वाचायचंय? तर त्या काळी भांड्यावर नाव घालणं म्हणजे पंगतीत भाषण करण्यासारखं होतं. ज्यानं भेट दिली त्याचं नाव आधी, ठळक, बापासकट आणि गावासकट. जिला दिली तिचं शेवटी, वळणावर, जागा उरलीच तर. मी बोट ठेवून वाचायचो, "श्री... गजा... गजानन... हरि..." तेवढ्यात ते मशीन "टुंई!" करायचं.

"काय झालं रे?"

"नावाचा खण भरला."

"अरे, अजून केवढं राहिलंय. 'यांजकडून', मग कोणीतरी 'हिस', मग 'सप्रेम भेट'..."

"सप्रेम भेटीला यात जागा नाही, भावोजी. नाव आलं ना? बास. पुढचं भांडं."

मग मीही "टुंई" होईपर्यंतच वाचायला लागलो. खरं सांगू? मला ते मशीन फार आवडलं. शाळेत मास्तरांनी असं निम्म्यावर थांबवलं असतं तर मी पाचवीत गेलो असतो!

निम्मा डोंगर सरला आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा मशीनला एकही भांडं आठवेना. वसंता कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, "असू दे, माझं पण असंच होतं." पुन्हा पहिल्यापासून! या वेळी दर थोड्या वेळानं तो सगळं कॅसेटवर उतरवून घ्यायचा, कॅसेट किंचाळायची, आणि पास्कू कुंपणापलीकडून ओरडायचा, "अरे, पुरे करा! बैल पानी पन पित नाय माझा!"

शेवटी एकदाचं वसंतानं ते मोठं बटण दाबलं. टीव्हीवर नावं भराभर वर सरकायला लागली, एकेका नावाखाली त्याची भांडी. बघताना अंगावर काटा आला. ज्या कामाला आख्खी आळी भांडायची, ते काम एका ठोकळ्यानं मुकाट्यानं केलं होतं.

"भावोजी, हे बघा! सगळ्यात जास्त भांडी एकाच माणसाची."

"कोणाची रे?"

"दामोदर गोविंद... म्हणजे आमच्या नानांची की!"

नाना म्हणजे वसंताचा बाप आणि माझा सासरा, आगाशीला राहणारा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हंडा नानांचा, टोप नानांचे, पराती नानांच्या, ताटंवाट्यासुद्धा नानांच्या.

"म्हणजे बेबीच्या लग्नाला नानांनी गुपचूप एवढी भांडी पाठवली?"

"आणि बोलले नाहीत बघा एका शब्दानं."

"देवमाणूस रे तुझा बाप!"

वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. ती भांडी आमच्याच माळ्यावरची, सुमनला तिच्या लग्नात बापानं दिलेली, आणि मी रोज त्यातच जेवत आलेलो, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! वसंता त्या लग्नात बुंदीत गुंतला होता. आणि माझं म्हणाल तर मला ताटातलं दिसायचं, ताट कधी दिसलं नाही.

पास्कूची गाडी भरली. आळीतली भांडी आळीत वाटली आणि नानांची सगळ्यात शेवटी, मानानं, हंड्यात नारळ ठेवून आगाशीला रवाना केली. पास्कूला निरोप पढवला, "नानांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, चांगला उपयोग झाला, उपकार विसरणार नाही. आता काम झालं, गरज उरली नाही, म्हणून मानानं परत पाठवतोय."

पास्कूनं मान हलवली. पण पास्कूच्या डोक्यातला खणही लहानच. आगाशीला पोचेपर्यंत त्याचंही कुठंतरी "टुंई" झालं असणार. नानांच्या दारात गाडी सोडून तो एवढंच म्हणाला, "जावयानं सांगितलंय, आता गरज नाय. परत पाठवलंय."

इकडे मी चहा घेत होतो. अंगण लख्ख! आयुष्यात पहिल्यांदा मला हुशार असल्यासारखं वाटत होतं. ते कपभर चहा संपेपर्यंत टिकलं.

पहिल्या आल्या शेजारच्या गुलाबकाकी. डोक्यावर परात, चेहरा असा की परात खाली ठेवतील की मारतील कळेना.

"काय रे, माझी परात परत पाठवलीस?"

"तुमचीच ना काकी? नाव आहे तुमचं."

"मी ती आपल्या सुशीच्या लग्नात तिला दिलीय मेल्या! आख्ख्या आळीदेखत दिलीय! दाखव, कुठं भोक आहे तिला?"

तोवर सुशीची सासू दुसऱ्या बाजूनं आली. "आमच्या सुनेची परात कुठाय?" परात गुलाबकाकींच्या हातात दिसल्यावर तिचा आवाज वेशीपर्यंत गेला. "दिलेली भेट काढून घेतात होय गं तुमच्यात?"

त्यांना शांत करतोय तोच कमळाबाई कळशी घेऊन आल्या. ही त्यांनी हौसेनं भाचीला दिलेली. आणि नेमक्या त्याच वेळी शेवंताबाई दारात, "आमची कळशी आली नाही अजून." दोघींनी एकदमच कळशीकडे बघितलं. भाचीनं ती मावशीचं नाव न खरवडता शेवंताबाईंच्या नातीच्या बारशात देऊन टाकली होती! ते गुपित पितळेत कोरलेलं असून इतकी वर्षं कोणी वाचलं नव्हतं. आम्ही ते घरपोच नेऊन दिलं.

संध्याकाळपर्यंत आळीत कोण कोणाशी बोलत नाही हे ध्यानात ठेवायला दुसरा डेटाबेस लागला असता. (निम्मी भांडी बरोबर घरी गेली होती. पण हे आजपर्यंत कोणी एका शब्दानं बोललेलं नाही.)

आणि मग पास्कूची गाडी परत आली. जाताना भांडी होती, येताना माणसं होती. नाना आणि त्यांचे दोन भाऊ. मला वाटलं, आभार मानायला आले! वसंता जास्त शिकलेला. त्यानं नानांच्या भावाच्या हातातली काठी बघितली आणि केळीत शिरला.

"माझी मुलगी कुठाय?" नानांनी विचारलं.

"केळव्याला."

"कोणी धाडली?"

"मीच गाडीत बसवून दिली."

"आणि भांडी माझ्याकडे."

"हो," मी हात जोडून म्हटलं. "उशीरच झाला नाना. खरं तर आधीच पाठवायला हवी होती."

काठीवाल्या काकांनी बाही वर सारली. नाना मात्र आवाज न चढवता म्हणाले, "मुलीची भांडी माहेरी परत कधी पाठवतात, ते ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. आमच्यात ते कोणालाही ठाऊक असतं. नवऱ्यानं बायको टाकली की तिची भांडी गाडीत घालून बापाकडे पाठवतात. बोलायची गरज नसते. भांडीच बोलतात. ते मला आत्ता आठवलं.

"नाना, तसं नाही हो! हे कॉम्प्युटरनं केलं!"

"कोण हा? कुठल्या आळीतला?"

"मशीन आहे. त्यानं सांगितलं भांडी तुमची."

"म्हणजे माझ्या मुलीला ठेवायचं की नाही, ते तुझ्या घरात मशीन ठरवतं?"

"मशीन वसंतानं आणलं!"

"वसंता कुठाय?"

केळीचं एक पान हललं, पण वारा होता असं मी सांगितलं. मेव्हणा झाला म्हणून काय झालं, माणूसच की.

नाना घोटभर पाणी न घेता निघाले. जाताना म्हणाले, "सुमन परतताना आधी आगाशीला उतरणार आहे. भांडी तिच्यापुढे मांडतो. मग तिची मर्जी."

आता हसत सांगतोय, पण त्या दिवशी माझं धाबं दणाणलं होतं. मी सुमनला ओळखून होतो. ती रडणारी नव्हे, बसणारी. एकदा बसली की बसली. जेवण जाईना. वाढून घ्यायचं कशात, हाही प्रश्नच होता. घरात एक जर्मनचं पातेलं शिल्लक होतं, तेही त्यावर कोणाचं नाव नव्हतं म्हणून!

दुसऱ्या दिवशी एसटीनं आगाशीला गेलो. सुमन ओटीवर विळी घेऊन कच्ची केळी चिरत बसली होती.

"आलात?"

"आलो."

"कॉम्प्युटरला विचारून आलात?"

आत तिच्या आईला आणि काकीला हसू आवरेना. नाना मात्र खांबाला टेकून दगडासारखे. मी सगळं सांगितलं, खण, टुंई, लाइट, पास्कू. सुमननं हातातलं केळं चिरून संपवलं आणि विळी मिटली.

"भांड्यांवरची नावं निम्मीच वाचलीत, ते सोडा. पुरुषमाणसं निम्मंच ऐकतात, निम्मंच वाचतात. पण इतकी वर्षं ज्यात जेवलात, त्यातलं एकही तुम्हाला ओळखीचं वाटलं नाही? उद्या मला दुसऱ्याच्या ओटीवर बसलेली बघाल आणि दारावरची पाटी वाचून त्यालाच देऊन याल!"

मी तिथंच पायरीवर बसलो.

"उठा," ती म्हणाली. "तिकडे भिंतीला आईची भांडी आणि माझी भांडी एकत्र लावलीत. नावं भिंतीकडे केलीत. तुमच्या घरची तेवढी वेगळी काढा. चुकलात तर एकटे जा."

मी भांड्यांपुढे उभा राहिलो. सगळी पिवळी. सगळी गोल. परीक्षेत पाटी कोरी असावी तसं माझं डोकं. घाम पुसायला वाकलो आणि एका टोपाच्या पोटाला पोचा दिसला. हा पोचा कुठंतरी बघितलाय म्हटलं... आणि एकदम ट्यूब पेटली! बल्ब बदलायला मी त्या टोपावर चढलो होतो!

"हा आमचा!"

मी पुढे सरकलो. बूड वाकून डुलणारी कळशी. विहिरीच्या काठावरून माझ्या हातून सुटलेली. "ही आमची!" काठ दुमडलेली परात. पावसात डोक्यावर धरून वाडीतून पळताना माडावर आपटलेली. "आमची!" एकेक पोचा ओळखीचा निघायला लागला. इतकं मी पितळेत लिहून ठेवलंय हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी हंडा. त्याच्या खांद्यावर हा एवढा खड्डा.

"हा कशाचा?" सुमननं विचारलं.

"तुला पहिल्यांदा घरी नेली तेव्हाचा. गाडीतून उतरताना मी तुझ्याकडे बघत होतो. हंडा गेला खाली."

आत काकी तोंडात पदर घालून बसली. नाना खांब सोडून पुढे आले, उरलेली भांडी एकवार बघितली आणि म्हणाले, "म्हणजे धडधाकट उरली ती माझी!" आणि मिशीतल्या मिशीत हसले. त्यांचे भाऊही हसले. काठी कोपऱ्यात गेली.

"वसंताला सांगायचं होतं," सुमन म्हणाली, "नावापेक्षा पोच्यांचा खण कर म्हणून." ती हसायला लागली आणि मग तिला थांबताच येईना. डोळे पुसत उठली. "चला आता. घरी जाऊन आळी निस्तरायचीय मला."

पास्कूनं गाडी आणली, पण या वेळी निरोप घेऊन जायला साफ नकार दिला. सुमन भांड्यांच्या मधोमध बसून घरी आली. उतरल्याबरोबर तिनं अंगणात उभं राहून हाळी दिली, "आणा गं सगळ्या! ज्याच्याकडे जे आलंय ते घेऊन या!" बायका आल्या, पुन्हा पितळेचा डोंगर झाला आणि पुन्हा तो कलकलाट. कोणी कोणाला सोडलं नाही. कमळाबाईंनी शेवंताबाईंची सात कुळं काढली आणि जाताना कळशी त्यांच्याच कडेवर दिली. दिवेलागणीला अंगण रिकामं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वसंता केळीतून बाहेर आला तो ठोकळा बांधूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मी हंडा खांद्यावर घातला आणि स्टेशनाजवळच्या नाव घालणाऱ्याकडे गेलो. त्यानं हंडा फिरवून वाचला. "श्री. दामोदर गोविंद राऊत, आगाशी, यांजकडून चि. सौ. कां. सुमन हिस सप्रेम भेट. बरोबर आहे की सगळं. आता काय घालायचं?"

"खाली घाल," म्हटलं, "'परत पाठवू नये.'"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "लोक देणाऱ्याचं नाव घालतात, घेणाऱ्याचं घालतात. हे कोणी वाचायचं?"

"मीच," म्हटलं. "आणि जरा मोठ्या अक्षरात घाल रे, मला वाचायला वेळ लागतो."